मँचेस्टरचा नाताळ : गिरणगावातल्या एका वाद्यवृंदाची हकीगत

मँचेस्टर हे नाव आपल्या आजा-पणजांना चांगले ठाऊक होते. धोतरजोडी मँचेस्टरची, मलमल मँचेस्टरची. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, तेव्हा रोख होता तो मुख्यतः याच मुलुखातल्या कापडावर. त्यामुळे मँचेस्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात ती धुराडी, माग आणि कापडाचे गठ्ठे. आज मी तुम्हांला याच गावाची निराळी ओळख करून देणार आहे. लंडनपासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर असलेल्या या गिरणगावाने १८५८ सालापासून स्वतःचा एक वाद्यवृंद सांभाळला आहे. त्याचे नाव हॅले ऑर्केस्ट्रा. आणि नाताळ आला की या वाद्यवृंदाकडून एक विशिष्ट संगीतकथा ऐकायची, ही तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे.

आधी हा वाद्यवृंद म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे गवई पुढे बसतो आणि तबला, पेटी, सारंगी त्याच्या साथीला असतात. गवयाला सुचेल तसे गाणे फुलते. तिथे तसे नाही. सत्तर-ऐंशी वादक एकदम बसतात. पुढे व्हायोलिन आणि त्याच्या जातीची लहानमोठी तंतुवाद्ये, त्यांच्यामागे बासऱ्या आणि फुंकीची लाकडी वाद्ये, त्यामागे पितळी तुताऱ्या-कर्णे, आणि अगदी मागे नगारे. कोणी केव्हा काय वाजवायचे ते स्वरकाराने आधीच कागदावर लिहून ठेवलेले असते. समोर छडी घेऊन उभा असलेला गृहस्थ स्वतः एक स्वरही वाजवत नाही. सगळ्यांना एका लयीत बांधणे हे त्याचे काम. एवढी माणसे पदरी बाळगायची म्हणजे खर्च किती, याचा अंदाज तुम्हीच करा. राजेरजवाड्यांनी आणि राजधान्यांनी असे वृंद बाळगले यात नवल नाही. गिरणगावाने बाळगला, हे नवल.

आता ती नाताळची कथा. तिचे नाव ‘मसाया’. आपले ख्रिस्ती बांधव मशीहा म्हणतात तोच हा शब्द. येशूचा जन्म, त्याचा छळ व मृत्यू, आणि त्याचे पुनरुत्थान, असे तिचे तीन भाग आहेत. हा नाटकाचा प्रकार नव्हे. सोंगे नाहीत, पडदे नाहीत. चार गायक एकेकटे गातात, मोठा गायकवृंद एकत्र गातो आणि वाद्यवृंद साथ करतो. आपल्या कीर्तनातल्या आख्यानाची थोडी आठवण व्हावी अशी ही रीत आहे, फक्त निरूपण नाही. सगळे बायबलातले शब्द, आणि तेही गाऊन. या प्रकाराला ऑरेटोरिओ म्हणतात.

ही रचना केली जॉर्ज फ्रेडरिक हँडेल याने. जन्माने जर्मन, राहायला लंडनमध्ये. त्याचा इटालियन ऑपेराचा धंदा बसत चालला होता, तेव्हा १७४१ साली २२ ऑगस्टला त्याने हे काम हाती घेतले आणि १४ सप्टेंबरला हातावेगळे केले. चोवीस दिवसांत अडीच तासांचे संगीत! पहिला प्रयोग मात्र लंडनला झाला नाही, आयर्लंडमध्ये डब्लिनला झाला, १३ एप्रिल १७४२ रोजी. सभागृह लहान, गर्दी मोठी. म्हणून आधीच जाहीर विनंती केली होती की, बायकांनी झग्याखाली घेर फुगवणारी कडी घालू नयेत आणि पुरुषांनी कमरेला तलवार लावून येऊ नये. त्यामुळे सुमारे सातशे माणसे मावली. उत्पन्न झाले चारशे पौंडांच्या आसपास, आणि ते तीन धर्मादाय कामांना वाटून दिले : दोन दवाखान्यांना, आणि तुरुंगातल्या कैद्यांच्या मदतीला. हे कैदी चोर-दरोडेखोर नव्हते. घेतलेले कर्ज फेडता आले नाही म्हणून कोंडलेली माणसे होती ती. त्या पैशातून १४२ जण सुटले असे सांगतात. एका रात्रीच्या गाण्याने इतक्या घरांतला कर्ता माणूस घरी परत आला, ही गोष्ट सावकारी माहीत असलेल्या आपल्या लोकांना मी वेगळी समजावून सांगायला नको.

पुढे लंडनमध्येही अनाथ मुलांच्या संस्थेसाठी हँडेल १७५० पासून ‘मसाया’चे प्रयोग करू लागला. त्या प्रयोगांतून त्या संस्थेला सगळे मिळून सुमारे सात हजार पौंड मिळाले.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हे सगळे प्रयोग ईस्टरच्या सुमाराचे, म्हणजे वसंतातले. नाताळशी संबंध फक्त पहिल्या भागाचा. मग ही कथा नाताळात कशी आली? याचे उत्तर हँडेलपाशी नाही, ते उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत सापडते. तिथे लोक दिवसभर यंत्रापाशी राबत आणि संध्याकाळी गाण्याच्या तालमीला जमत. हिवाळ्यात रात्री लांब, आणि नाताळ ही वर्षातली मोजक्या हक्काच्या सुट्ट्यांपैकी एक. १८७१ च्या कायद्याने दुसरा दिवस, २६ डिसेंबर, हाही सुट्टीचा झाला. वर्षभर बसवलेले गाणे लोकांपुढे म्हणायचे ते याच दिवसांत.

मँचेस्टरपासून थोड्याच अंतरावर, डोंगरापलीकडे, हडर्सफील्ड नावाचे लोकरीच्या गिरण्यांचे गाव आहे. तिथली गायनमंडळी १८३६ साली स्थापन झाली. तिचे जुने नियम वाचण्यासारखे आहेत. बैठकीला येणाऱ्या सभासदाला पाव, चीज आणि बार्लीच्या दारूची तीन मापे मिळत. १८४२ सालचा एक नियम तर असा की, जो समाजवाद्यांच्या सभांना जाईल त्याला सभासद होता येणार नाही, आणि मंडळीच्या संग्रहातली गाण्याची पुस्तकेही त्याला मिळणार नाहीत! नियम करावा लागला, त्याअर्थी सकाळी ईश्वराची स्तुती आणि संध्याकाळी मजुरीच्या दरावर भाषण ऐकणारे लोक त्या मंडळीत असणारच. गाणारी माणसे कोणत्या थरातली होती, हे त्यावरून कळते.

शिक्षक बंधु-भगिनींनी इथे विशेष लक्ष द्यावे. या मजुरांना स्वरलिपी कोणी शिकवली? पाश्चात्त्य स्वरलिपी पाच रेघांवर टिंबे काढून लिहितात. ती शिकायला वेळ लागतो. नॉर्विच गावी सारा ग्लोव्हर नावाची एका पाद्र्याची मुलगी शाळेतल्या पोरांना गाणे शिकवी. तिने रेघा-टिंबे बाजूला ठेवून स्वरांची साधी अक्षरे वापरली. १८४० नंतर जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने तिची पद्धत उचलली, सुधारली, हाताच्या खुणांची जोड दिली आणि गावोगाव पसरवली. तिला टॉनिक सोल्फा म्हणतात. तत्त्व आपल्या सरगमचेच : सा कुठेही धरा, बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखा. आपल्याकडे सरगम तोंडी चालत आली होतीच. पलुसकर आणि भातखंडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्वरलिपीची पुस्तके काढून ती शाळेच्या वर्गात आणली. गोव्यात तर चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच सोल्फेजोचे धडे मिळत. त्याच शिक्षणावर गोव्याचे कितीतरी वादक मुंबईला आले, मेहली मेहता यांनी १९३५ साली उभारलेल्या बॉम्बे सिंफनीत बसले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यमेळांतही वाजवू लागले.

पुस्तकांचा प्रश्न राहिला होता. तो नोव्हेलो या लंडनच्या प्रकाशकाने सोडवला. १८४६ साली त्याने ‘मसाया’ सहा-सहा पेनीच्या भागांत छापायला काढली. पुढे किंमत आणखी उतरत गेली. मला विचाराल तर, हँडेलची प्रतिभा जितकी थोर, तितकेच या स्वस्त पुस्तकाचे आणि त्या शाळामास्तरणीच्या अक्षरांचे उपकार थोर. त्यांच्यावाचून ‘मसाया’ श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच राहिली असती.

आता मँचेस्टरला येऊ. कार्ल हाले हा जर्मनीत हागेन गावी १८१९ साली जन्मलेला पियानोवादक. (हँडेलच्या जन्मगावाचे नावही हाले, पण तो निव्वळ योगायोग.) तो पॅरिसला राहिला, शोपँ आणि लिस्ट यांच्या ओळखीत वावरला. १८४८ ची क्रांती झाली, शिकवण्या बंद पडल्या, आणि तो पोटासाठी इंग्लंडला आला. तिथे तो चार्ल्स हॅले झाला. मँचेस्टरात ‘जंटलमेन्स कॉन्सर्ट्‌स’ नावाची धनिकांची संगीतसंस्था होती. सभासदांखेरीज कोणाला आत प्रवेश नसे. तिचा वाद्यवृंद त्याने पहिल्यांदा ऐकला तेव्हा सामान बांधून परत जावे असे त्याच्या मनात आले होते. पण राहिला.

त्याला संधी मिळाली १८५७ साली. मँचेस्टरात कलावस्तूंचे प्रचंड प्रदर्शन भरले, पाच महिन्यांहून अधिक चालले, आणि तेरा लाखांवर लोकांनी ते पाहिले. तिथे रोज वाजवण्यासाठी हॅलेने मोठा वाद्यवृंद जमवला. ज्यांनी जन्मात असले संगीत ऐकले नव्हते असे हजारो लोक तिथे उभे राहून ऐकत. प्रदर्शन संपले, आता वादक पांगणार, हे हॅलेला बघवेना. त्याने सगळी जोखीम स्वतःच्या शिरावर घेतली आणि ३० जानेवारी १८५८ रोजी फ्री ट्रेड हॉलमध्ये पहिली बैठक केली. तिकीट काढील त्याला प्रवेश, आणि एका शिलिंगाचीही जागा. तीस बैठका झाल्यावर व्यवस्थापकांनी हिशेब आणून दिला. निव्वळ नफा, तीन-तीन पेनीची दहा कोरी नाणी. म्हणजे बैठकीमागे एक पेनी! हॅलेने ही गोष्ट आपल्या आत्मवृत्तात गमतीने सांगितली आहे. बुडाला नाही, एवढेच त्याला पुरेसे होते.

वाद्यवृंदाबरोबर हौशी गायकांचा वृंदही त्याच साली उभा राहिला. हॅलेच्या हयातीतच नाताळची ‘मसाया’ ही मँचेस्टरची रीत झाली. गंभीर सिंफनीला खुर्च्या रिकाम्या राहत, पण ‘मसाया’ला गर्दी. कारण उघड आहे. समोर गाणाऱ्यांत कोणाचा भाऊ, कोणाची मेहुणी. आणि ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना गाणी तोंडपाठ. आजही कोणत्याही प्रांतिक वाद्यवृंदाला विचारा, सणाच्या दिवसांतल्या भरलेल्या खुर्च्यांवर वर्षातल्या कितीतरी रिकाम्या खुर्च्यांचा भार तोलला जातो. काही जाणकार या कार्यक्रमांकडे पोटापाण्याचा उद्योग म्हणून नाक मुरडून बघतात. मला ते पटत नाही. ज्या दिवशी गाव स्वतः गातो, तो दिवस त्या वाद्यवृंदाच्या वर्षातला कमी प्रतीचा दिवस कसा?

या रीतीची पहिली कसोटी लवकरच लागली. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाच्या पाचातले जवळजवळ चार भाग दक्षिणेतल्या गुलामांच्या शेतांवरून येत. उत्तरेने बंदरे अडवली आणि कापूस आटला. गिरण्या बंद पडल्या. १८६२ च्या हिवाळ्यात पाच लाखांच्या आसपास माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. एडविन वॉ या लेखकाने त्या दिवसांची वर्णने लिहून ठेवली आहेत. काम गेलेले मजूर, पोरी आणि बायका रस्त्यांत उभ्या राहून भजने गात आणि लोक त्यांना पैसे देत. तालमीत शिकलेला गळा असा भाकरीसाठी विकावा लागला.

त्याच वर्षीच्या नाताळच्या आठवड्यात, ३१ डिसेंबर १८६२ रोजी, त्याच फ्री ट्रेड हॉलमध्ये मजुरांची सभा भरली. उपाशी पोटांनी त्यांनी ठराव केला की, आमचे हाल झाले तरी चालतील, पण गुलामगिरी मोडण्याच्या कामी आम्ही अध्यक्ष लिंकन यांच्या बाजूचे आहोत. लिंकनने १९ जानेवारी १८६३ रोजी त्यांना उत्तर लिहून त्यांच्या धैर्याचा गौरव केला. सगळा लँकेशायर एका मताचा होता असे मात्र समजू नका. दक्षिणेला मान्यता द्या आणि कापूस आणा, म्हणणारेही पुष्कळ होते. तरी ती सभा झाली ती झालीच, आणि हॅलेचा वाद्यवृंद ज्या छपराखाली वाजवी त्याच छपराखाली झाली.

आणि हे चालू असताना आपल्याकडे काय चालले होते? अमेरिकेचा कापूस बंद पडताच मँचेस्टरने हात पसरले ते आपल्या खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाडकडे. मुंबईला कापसाचा भाव कैक पटींनी चढला, चांदीचा पूर लोटला, शेअरबाजारात माणसे वेडी झाली. तिकडे आपल्या सगळ्या कापसाला ‘सुरत’ म्हणत. धागा आखूड, तुटायचा फार. त्यामुळे विणकराची मजुरी बुडे. देवा, कापूस पाठव पण सुरती नको, अशी प्रार्थना तिथल्या एका मजुराने केल्याची गोष्ट सांगतात. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईत भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. खेड्यांत चढत्या भावावर घेतलेली कर्जे अंगाशी आली. १८७५ साली सुप्यापासून पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध दंगे उसळले, त्याच्या कारणांत हेही एक कारण मानतात. तिथला रिकामा माग आणि इथला कर्जाचा कागद, दोन्ही एकाच सुताने बांधलेले होते.

हॅले १८९५ साली वारला. एका माणसाच्या जिवावर चाललेले काम बहुधा त्याच्याबरोबर संपते. इथे गावातले तीन व्यापारी पुढे आले, तोटा आला तर आम्ही भरू असे त्यांनी वचन दिले, आणि लवकरच रीतसर संस्था स्थापन झाली. हान्स रिक्टर हा नामांकित संचालक १८९९ मध्ये आला. एल्गार या इंग्रज स्वरकाराची पहिली सिंफनी जगात प्रथम वाजली ती लंडनला नव्हे, मँचेस्टरला, ३ डिसेंबर १९०८ रोजी.

दुसरी कसोटी अधिक कठीण होती, आणि तीही नाताळातच आली. १९४० च्या डिसेंबरात, २२ तारखेच्या रात्रीपासून दोन रात्री जर्मन विमानांनी मँचेस्टरवर बाँब टाकले. साडेसहाशेंहून अधिक माणसे दगावली. फ्री ट्रेड हॉल जळाला. उरल्या त्या बाहेरच्या भिंती. युद्ध चालूच होते, तरुण वादक सैन्यात गेले होते, आणि १९४३ पर्यंत वाद्यवृंदात पस्तीस-चाळीस माणसेही खात्रीची उरली नाहीत. तेव्हा जॉन बार्बिरोली हा संचालक अमेरिकेतली कीर्ती मागे ठेवून मँचेस्टरला आला. त्याने महिनाभर दिवसरात्र परीक्षा घेतल्या आणि मिळेल तिथून माणसे उचलली. शाळकरी वयाचा बासरीवादक घेतला, शिक्षिका घेतल्या, पितळी बँडमधले लोक घेतले. ५ जुलै १९४३ रोजी ब्रॅडफर्ड गावी या नव्या वृंदाची पहिली बैठक झाली.

हॉल नव्हता, म्हणून मँचेस्टरात त्यांनी कुठे वाजवावे? एका प्रार्थनामंदिरात, आणि बेल व्ह्यू नावाच्या करमणुकीच्या बागेतल्या सर्कशीच्या गोल तंबूवजा इमारतीत. एरवी तिथे कुस्त्या आणि मुष्टियुद्धे चालत, शेजारी प्राणिसंग्रहालय. अशा रिंगणाभोवती हजारो लोक दाटीवाटीने बसून ‘मसाया’ ऐकत. डब्लिनच्या प्रयोगात लोकांनी तलवारी घरी ठेवल्या होत्या; इथे सिंह शेजारच्या पिंजऱ्यात होते.

याच मुलुखात कॅथलीन फेरियर ही गायिका पुढे आली. शाळामास्तराची मुलगी, चौदाव्या वर्षी शाळा सोडून ब्लॅकबर्नच्या टेलिफोन कचेरीत जोडणी करून देण्याच्या कामाला लागली. खर्जातला तिचा आवाज हा हा म्हणता देशभर गाजला, आणि ‘मसाया’तली करुण पदे लोक तिच्या तोंडून ऐकायला धडपडू लागले. १६ नोव्हेंबर १९५१ रोजी फ्री ट्रेड हॉल त्याच जुन्या भिंतींच्या आत पुन्हा उभा राहून उघडला, तेव्हा बार्बिरोलीच्या वाद्यवृंदाबरोबर तीच गायली. दोन वर्षांनी, एक्केचाळिसाव्या वर्षी, ती कर्करोगाने गेली.

१९९६ साली वाद्यवृंद ब्रिजवॉटर हॉल या नव्या वास्तूत गेला. फ्री ट्रेड हॉलचा दर्शनी भाग राखून तिथे आता हॉटेल झाले आहे. २०२४ पासून प्रमुख संचालक आहेत सिंगापूरचे काचुन वाँग. गायकवृंद अजून हौशी लोकांचाच आहे. गिरण्या गेल्या, पण कामावरून परस्पर तालमीला येण्याची सवय गेली नाही. डिसेंबरात नाताळगीतांचे कार्यक्रम होतात, मुलांचे होतात, आणि ‘मसाया’ असतेच.

ती कधी ध्वनिमुद्रिकेवर वर्गात लावलीत, तर शिक्षकांना एक सूचना. दुसऱ्या भागाच्या शेवटी ‘हालेलुया’चा प्रसिद्ध समूहघोष येतो. तो ऐकताना इंग्लंडात श्रोते उभे राहतात. राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला म्हणून ही प्रथा पडली म्हणतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. मुलांना वाटेल, कथा इथेच संपली. मुद्रिका बंद करू नका. तिसरा भाग अजून अर्धा तास बाकी असतो, आणि तुतारीवाला, जो दोन तासांत मोजक्याच वेळी वाजवून गप्प बसलेला असतो, त्याची खरी पाळी त्यात येते.